बाबा गेल्यावर त्यांनी सांभाळलेल्या पोरांसकट त्यांची आठवण कशी जपायची

तेराव्याच्या गडबडीत सगळ्यात आधी विसरली जातात ती बाबांनी घरी आणून सांभाळलेली मुलं, म्हणून पहिला फोन त्यांना करा, नुसता मेसेज नको, आणि श्रद्धांजलीच्या बॅनरवर जी मोठी झालीत त्यांना विचारून त्यांची नावं आपल्याच ओळीत घ्या, खाली वेगळी अजिबात नकोत. १८ च्या आतलं कोणी असेल तर मात्र फोस्टर (म्हणजे दत्तक न घेता घरी सांभाळलेलं मूल) म्हणून त्याचं नाव-फोटो स्टेटसला टाकू नका, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही.

बाबांच्या कपाटातले जुने फोटो, प्रगतिपुस्तकं स्कॅन करून ज्याची त्याला द्या. या मुलांचे लहानपणीचे फोटो बऱ्याचदा फक्त आपल्याच घरात असतात हो!

व्हॉइस नोट्स फोन फॉरमॅट करायच्या आधी ड्राइव्हवर टाका. आमच्या बाबांची "जेवलास का रे, आमटी गरम करून घे" एवढीच आहे, मागे ठाणे स्टेशनची अनाउन्समेंट, पण आम्ही सगळी भावंडं ती ऐकतो.

वर्षश्राद्धाला संध्याकाळी सगळ्यांना आमच्या ठाण्यातल्या तलावपाळीसारख्या तलावाकाठच्या जागी बोलवा, चालता चालता प्रत्येकाला बाबांबद्दल बोलू द्या, कोणी बाबा म्हणेल कोणी काका, कोणाला टोकू नका.