एचिंगचा स्टुडिओ उघडण्याआधी

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडनं चित्र कोरून तिचे छाप काढणं. त्यासाठी गॉगल, अ‍ॅप्रन, बंद बूट, अग्निशामक. हे सगळ्यांना माहीत आहे. एवढंच, की नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूंनी बंद असलेलाच हवा. हातमोजे मात्र दोन प्रकारचे आणा. पातळ निळे नायट्राइलचे मोजे टर्पेंटाइन पुसायला चालतात, पण तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडपुढे ते काही मिनिटांत खराब होतात. अ‍ॅसिड ओतायला जाड निओप्रीनचेच.

आता मागच्या वेळी यादीतून सुटलेली गोष्ट: टाकाऊ द्रावणांचे कॅन. नायट्रिक विकत आणण्याआधी हे कॅन जागेवर हवेत. वापरलेलं अ‍ॅसिड एका कॅनमध्ये, टर्पेंटाइन-रॉकेल-थिनर दुसऱ्यात, आणि दोन्ही कॅन खोलीच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत. अ‍ॅसिडचा कॅन नवा, जाड एचडीपीई प्लॅस्टिकचा, वायू सुटेल अशा झाकणाचा. स्पिरिटचा किंवा थिनरचा जुना कॅन ‘धुतलाय’ म्हणून चालवून घेऊ नका. तळाशी उरलेलं थोडंसं स्पिरिटसुद्धा नायट्रिकशी हळूहळू क्रिया करतं, वायू साठत जातो आणि घट्ट झाकणाचा कॅन काही तासांनी, खोलीला कुलूप असतानाही, फुटू शकतो. प्रयोगशाळांमध्ये असे स्फोट झालेले आहेत. आपल्याकडे तर ग्राउंड (प्लेटवरचा अ‍ॅसिड अडवणारा थर) काढायचं टर्पेंटाइन आणि प्लेट खायचं अ‍ॅसिड एकाच टेबलावर असतं.

प्रत्येक कॅनवर, प्रत्येक छोट्या बाटलीवर लेबल: रसायनाचं पूर्ण नाव, तीव्रता, भरल्याची तारीख. नुसतं ‘अ‍ॅसिड’ लिहून भागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत रसायन भरताना कोणी दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा, मग ते सर असोत वा मॅडम.

हवेकडे नीट लक्ष द्या. जस्ताच्या प्लेटसाठी 1 भाग नायट्रिकला 8 ते 10 भाग पाणी पुरतं. आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड, बारीक धारेनं. तपकिरी वाफ दिसली तर द्रावण फार तीव्र झालंय किंवा तापलंय. प्लेट काढा आणि बाहेर पडा. ती वाफ नायट्रोजन डायऑक्साइडची असते. सुरुवातीला घशात जरा खवखव होते, ती जातेही, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागतं. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर कोणाला घरी पाठवू नका. दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना वायूचं नाव सांगा. छताचा पंखा ही वाफ खोलीभर पसरवतो. एक्झॉस्ट पंखा अ‍ॅसिडच्या ट्रेच्या मागच्या कडेला, ट्रेच्याच उंचीवर बसवा, म्हणजे हवा तोंडापासून दूर ओढली जाईल. एन-95 मास्क वाफ अडवत नाही. शक्य असेल तर जस्तासाठी नायट्रिक सोडून मोरचूद आणि मिठाचं द्रावण वापरा. फेरिक क्लोराइड तांब्यासाठी ठेवा. त्यात जस्त घातलं तर द्रावण जोरात तापतं आणि हायड्रोजन सुटतो.

अ‍ॅसिड सांडलं तर लाकडाचा भुसा टाकू नका, चिंध्याही नाहीत. नायट्रिकनं ते पेटू शकतात. कोरड्या वाळूची बादली आणि 5 किलो खाण्याचा सोडा हाताशी ठेवा. डोळे धुण्याचा नळ 10 सेकंदांत गाठता आला पाहिजे आणि पाणी सलग 15 मिनिटं चाललं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात पोळतं. दर आठवड्याला नळ सोडून हात लावून बघा.

टर्पेंटाइनची वाफ सुमारे 35 अंशांपासून पेट घेऊ शकते. नागपुरातल्या मे महिन्यात खोलीच त्याहून तापलेली असते, तेव्हा हॉटप्लेट आणि टर्पेंटाइन एका टेबलावर नकोत. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या की आपोआप पेटू शकतात, म्हणून त्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा, रोज संध्याकाळी रिकामा. अ‍ॅक्वाटिंटच्या पेटीत (छटा उठवण्यासाठी प्लेटवर राळ बसवतात ती) राळेची धूळ हातानंच फिरवा. विजेच्या पंख्याच्या ठिणगीनं तिचा स्फोट होऊ शकतो.

आणि पुन्हा ते कॅन. तीन चतुर्थांश भरला की नवा घ्या. सोडा घालून अ‍ॅसिड शमवलं तरी जस्त पाण्यात राहतंच, म्हणून मोरीत ओतायचं नाही. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा माल 90 दिवसांपर्यंत ठेवता येतो, पुढे तो अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचा माल जातोच, त्याच गाडीसाठी आधी बोलून ठेवा.

बाकी भराभर: सुरक्षा माहितीपत्रकं छापून दारापाशी. चहा-डबा बाहेर. कोरडे रंग झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. काही रंगांत शिसं आणि कॅडमियम असतं. संध्याकाळी एकट्या विद्यार्थ्याला किल्ली नाही.