बल्ब आधी, टॉर्च मागून: जुन्या बल्बसाठी छोटी टॉर्च कशी जमवावी

वडिलांच्या हत्यारांच्या डब्यात टॉर्चचे सात बल्ब निघाले. कापसात गुंडाळलेले, सातही चालू. ज्या टॉर्चसाठी ते आणले होते ती कधीच भंगारात गेली. लाईन गेली की खिशातून काढावी अशी एक छोटी टॉर्च या बल्बांवर चालवायची, एवढ्यासाठी मी नागपुरातला बर्डीचा बाजार पालथा घातला आणि मग इतवारीचा. हल्लीच्या बहुतेक लहान टॉर्चमध्ये एलईडी कायमची बसवलेली असते, बल्ब सुटा निघतच नाही. एक दुकानदार म्हणाला, "आता कोण बल्ब बदलवते काका? अख्खी टॉर्चच घेऊन जा ना!"

तरीही जमतं. चूक होते ती क्रमात. आपण आधी टॉर्च पसंत करतो आणि मग तिच्यात बल्ब कोंबतो.

म्हणून आधी बल्ब वाचा. त्याच्या पितळी कॉलरवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. डोळ्यांना लागत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. माझ्या बल्बांवर 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअर होतं, म्हणजे पाऊण वॅट. हा दोन सेलचा बल्ब. 3.5 ते 3.8 व्होल्ट लिहिलं असेल तर तीन सेलचा. दोन सेलचे 3 व्होल्ट होतात, मग बल्ब अडीचचा कसा? भार पडला की सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा उतरतो, तो हिशेब बल्बमध्ये आधीच धरलेला असतो.

या आकड्याशी खेळू नका. पेन्सिल सेलच्याच मापाचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो, तो 3.7 व्होल्टचा आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 चा. मी हौसेने असे दोन टाकले. बटण दाबलं, निळसर पांढरा लखकन उजेड पडला आणि सातातले सहा उरले.

मग बूड पाहा. कॉलरला बाहेर आलेली चकती असेल तर तो चकतीचा बल्ब. आटे असतील तर पेचाचा, ज्याला ई-10 म्हणतात कारण आट्यांचा व्यास 10 मिलिमीटर असतो. तिसरा प्रकार दोन बारीक तारांचा. तो या दोन्हींच्या जागी बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

आता दुकानात जा, आणि बल्ब काडेपेटीत घालून सोबत न्या. झगझगीत काउंटरवर नका रमू. जुन्या हार्डवेअरवाल्याकडे किंवा टॉर्च-स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडे मागच्या फळीवरचा माल विचारा. "भाऊ, डोकं उघडून दाखवा," एवढंच म्हणायचं. रिफ्लेक्टर मधोमध भोकाचा आणि सुटा असला की अर्धं काम झालं. मला दोन पेन्सिल सेलची अ‍ॅल्युमिनियमची मिळाली, पण ती पेचाच्या बल्बची. माझा बल्ब चकतीचा. सॉकेट काढून टाकलं, रिफ्लेक्टरचं भोक गोल कानशीने हळूहळू मोठं केलं, दर चार फेऱ्यांनी बल्ब घालून बघत. रिफ्लेक्टरच्या आतल्या चकाकीला बोट लावायचं नाही, कापडाने पुसायचं तर मुळीच नाही. तो मुलामा निघून येतो. भुसा फुंकून उडवा.

उलट अडचण असेल, म्हणजे बल्ब पेचाचा आणि टॉर्च चकतीची, तर चकती स्वतः बनवता येते, आणि हे काम मला जास्त आवडतं. वायरिंगच्या तुकड्यातली साधारण 1 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सोलून घ्या. आधी बल्ब नुसता भोकात धरून पेटवा आणि 3 मीटरवरच्या भिंतीवर उजेड पाडा. बल्ब पुढे-मागे सरकवला की ठिपका पसरतो, आवळतो, मध्ये काळं कडं येतं. जिथे सगळ्यात घट्ट ठिपका पडतो तिथे कॉलरवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर तारेचा एकच वेढा घाला आणि दोन ठिकाणी सोल्डरचा टिपका द्या. झटपट द्या, सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं तर काच धरून ठेवणारा चिकटा सुटतो आणि बल्ब डुलायला लागतो.

बल्ब बसला पण पेटत नाही? बहुधा बुडाचं टोक सेलपर्यंत पोचत नसतं. टोकावर सोल्डरचा एक थेंब वाढवा, किंवा मागची स्प्रिंग जरा ताणा. स्विचची पट्टी काळी पडली असेल तर पॉलिश पेपर फिरवा. सॉकेट काढलं असेल तर कॉलर टॉर्चच्या अंगाला टेकते का, हेही बघा. तिथूनच करंटची परतीची वाट आहे.

बल्बच्या जागी तसाच बूड असलेला एलईडी बल्ब घालायचा असेल तर दोन गोष्टी. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, त्यामुळे दोन सेलवर चालवायचा तर आत दाब वाढवणारं सर्किट असलेलाच घ्या. आणि काही एलईडी उलटे सेल घातले तर पेटत नाहीत, तेव्हा बिघाड समजून फेकण्याआधी सेल फिरवून बघा. ठिपका मात्र जुन्या बल्बसारखा पडेलच असं नाही: बल्बमधली तार चहूकडे उजेड टाकते, एलईडी बहुतेक पुढेच.

सगळं जुळलं की दहा मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्चच्या डोक्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर व्होल्टेज पुन्हा तपासा. आणि आपल्याकडे पारा 45 च्या वर जायच्या आत, एप्रिलमध्येच, कारच्या डिकीत पडलेल्या टॉर्चमधून सेल काढून ठेवा. माझ्या टॉर्चचे सेल आता तिच्याच पिशवीत, पण बाहेर असतात. अंधारात ते चाचपून घालायला मला अर्धा मिनिट लागतो.