उतारावर शिडी लावताना आधी जमीन बघा, कौलं नंतर

मे महिना आला की आमच्याकडे कोकणात दोन गोष्टी ठरलेल्या असतात, एक म्हणजे मुंबईचा चाकरमानी गावी येणार आणि दुसरी म्हणजे चहा संपायच्या आत तो वर बघून म्हणणार की अरे माकडांनी कौलांची पार वाट लावलीय, थांबा मीच बदलतो. मीही त्यातलाच. वर्षभर लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाणारा माणूस गावी आला की त्याच्यात अचानक गडी संचारतो.

तर तीन वर्षांपूर्वी मागच्या पडवीची कौलं बदलायला मी असाच चढलो. मागच्या दाराची जमीन विहिरीकडे उतरती, म्हणून शिडीच्या डाव्या पायाखाली एक चिऱ्याचा तुकडा सरकवला, तरी थोडी हलत होती म्हणून त्यावर एक कौलाचा तुकडा, मग हलवून बघितली, बरी वाटली आणि चढलो. चार पायऱ्यांपर्यंत काही नाही, सातवीवर गेलो आणि खालून कट्ट असा आवाज आला, कौलाचा तुकडा फुटला होता. शिडी डावीकडे गेली, मी वाशाला लोंबकळलो, नडगीची सालटी निघाली आणि आणखी तीन कौलं खाली आली. पाच बदलायला गेलो होतो, आठ बदलावी लागली. त्यानंतर मात्र जरा डोकं लावून, गावातल्या जुन्या गड्यांना विचारून आणि थोडं वाचून जे शिकलो ते लिहितोय, शिडी कोणाचीही असो, बांबूची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, जमिनीचं गणित सारखंच आहे.

आधी ते गणितच बघा. समजा शिडीचे दोन पाय एकमेकांपासून 16 इंचावर आहेत आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा फक्त 1 इंच खाली आहे. खाली बघितलं तर काहीच वाटत नाही, पण 16 फूट वर गेल्यावर शिडीचं टोक 1 फूट बाजूला गेलेलं असतं. म्हणजे खालचा इंच वर फूट होतो. त्यात तुम्ही चढताय, म्हणजे वजन वर वर सरकतंय, म्हणून पहिल्या चार पायऱ्यांवर शिडी एकदम शहाण्यासारखी वागते आणि वर गेल्यावर दगा देते. खाली उभं राहून दोन हातांनी हलवून बघणं आणि बरी आहे म्हणणं याला म्हणूनच काही अर्थ नाही.

आता उपाय. सगळ्यांचा हात आधी खालच्या बाजूला काहीतरी सरकवण्याकडे जातो, दगड, वीट, चिरा, लाकडाचा ढलपा, आणि तिथेच चुकतं. खालची बाजू वर उचलायची नाही, वरची बाजू खाली उतरवायची. म्हणजे कुदळ घ्या आणि ज्या पायाखाली जमीन उंच आहे तिथे वीतभर लांबरुंद खड्डा घ्या, तळ सपाट करा, पहारेच्या जाड टोकाने नीट ठोकून काढा आणि शिडीचा पाय त्यात बसवा. मी तर आता दोन्ही पायांना खड्डे घेतो, खालच्या पायाला चारेक इंच आणि वरच्याला जेवढा उतार असेल तेवढा जास्त. यात दुसरा फायदा असा की पाय खड्ड्यात असला की शिडी मागे सरकत नाही आणि बाजूलाही सरकत नाही, एका कामात दोन कामं. दहा मिनिटं जातात, तेवढी जाऊ द्या. मग पहिल्या पायरीवर उभं राहून दोन-तीनदा अंगाचं वजन द्या म्हणजे शिडी काय बसायची ती बसते, आणि बसल्यावर परत लेव्हल बघा.

लेव्हल बघायला मिस्त्रीची पट्टी असेल तर उत्तम, नाहीतर अर्धी भरलेली पाण्याची बाटली पायरीवर आडवी ठेवली तरी कळतं. पण मला सगळ्यात आवडतो तो ओळंबा. शिडीच्या वरच्या पायरीच्या बरोबर मध्यावर सुतळी बांधायची, खाली दगड लटकवायचा, आणि मग शिडी उभी करायची. समोरून बघितलं तर दगड दोन पायांच्या बरोबर मध्ये यायला पाहिजे, डावीकडे उजवीकडे गेला म्हणजे जमीन अजून चुकतेय. आणि याच सुतळीत दुसरंही उत्तर मिळतं, शिडी भिंतीपासून किती लांब ठेवायची ते. सुतळी जेवढी लांब त्याच्या पाव भाग अंतर दगडापासून शिडीच्या पायापर्यंत पाहिजे. म्हणजे 12 फूट उंचीला 3 फूट, 8 फुटाला 2 फूट. हा चारास एकचा हिशेब जगभर चालतो, साधारण 75 अंशाचा कोन होतो. यापेक्षा उभी लावली तर माणूस शिडीसकट पाठीवर, यापेक्षा पसरट लावली तर पाय सटकतात आणि शिडी मधून वाकते. सुतळी नसेल तर शिडीच्या पायाला चवडे टेकवून ताठ उभे राहा आणि हात समोर सरळ करा, तळवे पायरीला आरामात लागले तर कोन जवळपास बरोबर आहे.

उतार कुठल्या दिशेला आहे हेही बघायला लागतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीला समांतर, म्हणजे डावीकडून उजवीकडे उतार असेल तर वर सांगितलेल्या खड्ड्याने काम होतं. पण भिंतीकडून तुमच्याकडे उतार असेल, म्हणजे पाणी घरापासून लांब वाहतं तसा, तर शिडीचे पाय आपोआप खाली घसरायला बघतात आणि तो जास्त वाईट. ब्रिटनमधल्या एचएसई या सरकारी संस्थेने टेकवायच्या शिडीसाठी मर्यादा सांगितल्यात, आडवा उतार जास्तीत जास्त 16 अंश आणि तोही पायऱ्या लेव्हल करून घेतल्यावर, आणि पुढे-मागे असलेला उतार फक्त 6 अंश. आता अंश कोण मोजत बसणार, म्हणून असं समजा की 1 मीटर अंतरात जमीन आडवी साधारण 28 सेंटीमीटर उतरत असेल किंवा पुढे-मागे 10 सेंटीमीटर उतरत असेल तर तिथे थांबायचं, त्यापुढे शिडीचं काम नाही, गवंड्याकडून परांची बांधून घ्या. मर्यादेच्या आत असेल तरी खड्डे घ्या आणि दोन्ही पायांच्या बाहेरच्या अंगाला जाड मेखा ठोका, शिवाय खालची पायरी पडवीच्या खांबाला दोरीने बांधून टाका.

आता तुम्ही म्हणाल आमच्याकडे कातळ आहे, कुदळ लागतच नाही. खरंय, जांभ्यावर खड्डा घेणं म्हणजे पहार आणि छिन्नी घेऊन बसणं. नेहमी एकाच जागी शिडी लागत असेल तर तेवढे कष्ट घ्या, दोन खाचा एकदा पाडल्या की कायमच्या झाल्या. आम्ही मागच्या दाराला त्याहून सोपं केलं, गवंडी आला होता तेव्हाच चार फूट बाय तीन फुटाचा सपाट कोबा टाकून घेतला, वरून गुळगुळीत न करता खरखरीत ठेवला, बाहेरच्या कडेला बोटभर उंच कठडा आणि भिंतीत एक लोखंडी हूक. आता शिडी त्याच जागी लागते, पाय कठड्याला अडतात आणि खालची पायरी हुकाला बांधली जाते. अ‍ॅल्युमिनियमची शिडी असेल तर बाजारात पायाला बोल्टने बसवायचे जोडपाय मिळतात, एक पाय हवा तेवढा लांब करून पिन घालायची, ते वापरायला हरकत नाही कारण ते शिडीला पक्के जोडलेले असतात. उंची भरून काढायला सुटं काहीही एका पायाखाली नको, हाच मुद्दा आहे.

मऊ माती असेल, नुकतं खणलेलं परसू किंवा वळवाचा पाऊस पडून गेलेला, तर एक पाय रुततो आणि एक राहतो. तिथे दोन्ही पायांना मिळून एकच लांब जाड फळी द्या, दीड-दोन इंच जाडीची, आणि फळीच्या बाहेरच्या कडेला एक रीप ठोकून घ्या म्हणजे पाय फळीवरून सरकत नाहीत. फळीही आधी सपाट केलेल्या मातीवरच ठेवायची, उतारावर तशीच टाकली तर ती फळी नाही, घसरगुंडी आहे. शेणाने सारवलेलं खळं ओलं असेल किंवा लादीवर शेवाळ असेल तर आधी खरवडून कोरडं करा. आणि लादीवर शिडी सरकू नये म्हणून खाली गोणपाट टाकतात ते तर अजिबात करू नका, गोणपाटासकट शिडी जाते, शिडीच्या पायाचा रबरी बूट थेट स्वच्छ लादीवर असलेलाच बरा. बूट झिजून आतलं अ‍ॅल्युमिनियम दिसत असेल तर नवे घाला, महाग नसतात.

खाली एवढं केल्यावर वरचं टोक मोकळं सोडू नका. कौलाच्या कडेवर किंवा पीव्हीसीच्या पन्हाळीवर शिडी टेकवायची नाही, कौल फुटतं आणि पन्हाळ दबून शिडी बाजूला घसरते. चार-पाच वाशांच्या टोकांना आडवा जाड बांबू बांधा, त्यावर शिडी टेकवा आणि दोन्ही दांडे त्या बांबूला बांधा. बांधायला काथ्याची चांगली दोरी घ्या, नायलॉनची गुळगुळीत दोरी ताणते आणि गाठ सैल पडते. गाठ निरगाठ हवी, सुरगाठ नको. वर छपरावर जायचं असेल तर शिडी टेकलेल्या जागेपासून निदान 3 फूट वर पाहिजे, उतरताना हाताला काहीतरी लागतं. पहिल्यांदा बांधायला चढाल तेव्हा खाली माणूस पाहिजेच.

त्या खालच्या माणसाबद्दल पण बोलायला हवं. आपल्याकडे शिडी धरायला नेहमी घरातला सगळ्यात रिकामा पोरगा देतात आणि तो एका हाताने शिडी आणि एका हाताने मोबाईल धरतो. तो पाय सटकण्यापासून थोडं वाचवू शकतो, दोन्ही हात दांड्यांवर आणि एक पाय खालच्या पायरीवर दाबून उभा असेल तर. पण वर शिडी एका बाजूला गेली तर त्याच्याने काही होत नाही, म्हणून माणूस धरतोय म्हणून खड्डे घ्यायचे नाहीत असं करू नका.

आंब्याच्या झाडाला शिडी लावणं हा वेगळाच प्रकार, कारण तिथे खालची जमीनही वाकडी आणि वरचा टेकाही. खोड गोल, त्यावर शिडीची एकच पायरी टेकते आणि शिडी स्वतःभोवती फिरते. वरच्या टोकाला दोन दांड्यांच्या मध्ये जाड दोरीचे दोन-तीन वेढे आडवे देऊन ठेवा, ते खोडावर बसतात आणि शिडी फिरत नाही, शिवाय टोक फांदीला बांधा. फांदीवर टेकवलीत तर जाड फांदी घ्या आणि खोडाजवळ टेकवा, बारीक फांदी आंबे काढल्यावर हलकी होऊन वर उचलते आणि तुमची शिडी मोकळी होते. जपानमधले माळी झाडं छाटायला तीन पायांची शिडी वापरतात, दोन पाय पायऱ्यांचे आणि तिसरा पुढे एकटा, तीन पाय असल्याने वाकड्या जमिनीवर ती डगमगत नाही, उतारावर तिसरा पाय चढाच्या बाजूला ठेवायचा. आपल्याकडे कोणी चांगल्या लोहाराकडून करून घेतली तर फोटो टाका. बाकी जे आंबे नूतन झेल्याने, म्हणजे आंबा तोडून जाळीत झेलणाऱ्या लांब काठीने, खाली उभं राहून निघतात त्यांच्यासाठी शिडी लावूच नका, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो झेला उगाच नाही काढला.

आणि झाडातून किंवा घरावरून विजेची तार गेली असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी तिकडे आणायचीच नाही. बांबू चालतो असं समजू नका, ओला बांबू पण करंट देतो. शिडी उभी करताना वर बघा, आडवी नेताना पण बघा.

घडीची शिडी, ज्याला रंगारी घोडा म्हणतात, ती चारही पाय टेकल्याशिवाय वापरू नका, तीन टेकलेत आणि एक अधांतरी असेल तर ती वळायची वाटच बघत असते. उतारावर ती आडवी न ठेवता पायऱ्या उताराच्या दिशेत ठेवायच्या आणि वरच्या अंगाचे पाय खड्ड्यात घालायचे. मिटून भिंतीला टेकवून तर कधीच चढू नका, ती त्यासाठी केलेलीच नसते.

चढल्यावर लक्षात ठेवायचं म्हणाल तर बेंबी दोन दांड्यांच्या आत. बेंबी बाहेर गेली की समजायचं हात जास्त लांबवला, खाली उतरा आणि शिडी सरकवा. हो, परत खड्डे घ्यायचे, कंटाळा येतो, माहितीये. कौलं एका हातात घेऊन चढू नका, बादलीला दोरी बांधून वर ओढा. बांबूची शिडी असेल तर चढायच्या आधी दांड्यावरून हात फिरवा, पिठासारखा भुसा हाताला लागला तर भुंग्याने आतून पोखरलाय, आणि पाय वर्षभर मातीत उभे असतील तर वाळवी बघा. अशी शिडी लेव्हल करून काय फायदा.

आणि सकाळी लावलेली शिडी दुपारी जेवून आल्यावर तीच शिडी नसते. ऊन लागून दोरी सैल होते, माती दबते, मध्ये एक सर येऊन गेली तर खड्ड्यात पाणी साचून पाय आणखी रुततो, आणि तुम्ही जेवत असताना कोणीतरी चार कैऱ्या काढायला शिडी उचलून नेऊन परत आणून ठेवलेली असते, आमच्याकडे हे दर वर्षी होतं. सुतळी आणि दगड शिडीलाच बांधून ठेवा, चढायच्या आधी परत एकदा सोडून बघा.