खचणारी पाखाडी अशी बसवली
कोकणातल्या आमच्या घरामागची उतरणीवरची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, दर पावसाळ्यात खचायची. चिरे, म्हणजे पायऱ्यांचे घडीव दगड, चांगल्या जांभ्याचे होते, पण पायरीमागच्या मातीत पाणी मुरून चिरा पुढे ढकलला जायचा. शिमगा झाल्यावर सगळी पाखाडी उकलली. तळाचा चिरा कठीण मुरमात अर्धा गाडला. मग खालून वर येत, प्रत्येक चिरा खालच्याच्या मागच्या कडेवर चार बोटं चढवून बसवला. मागे मातीऐवजी खडी ठासली आणि सांधे सिमेंटने बुजवले नाहीत, म्हणजे पाणी झिरपून निघून जातं. पायरीची उंची सहा इंच, पाऊल टेकायला फूटभर जागा. आजीला काठी टेकत चढता आलं पाहिजे, हे माप माझ्यासाठी सगळ्यात मोठं. पायरीला पुढे किंचित ढाळ, कडेने पाण्याला चर. जांभ्यावर शेवाळ धरतंच, ते श्रावणात खराट्याने घासून काढावं.