पत्रे, वह्या आणि व्हॉट्सॲप संदेशांतून रहस्यकादंबरी कशी रचावी

कागदपत्रांतून उलगडणारी रहस्यकादंबरी लिहायची असेल, तर गुन्हेगार ठरवण्याच्याही आधी प्रत्येक कागद कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहिला हे ठरवावे. पत्र लिहिणारा वाचकाशी बोलत नसतो. तो एका ओळखीच्या माणसाला काही सांगत आणि काही लपवत असतो. वहिनीला ठाऊक असलेला घरचा इतिहास दीर पत्रातून तिलाच सविस्तर ऐकवू लागला, की तो कागद लेखकाने वाचकासाठी लिहिला आहे हे लगेच उघडे पडते.

एक कथानक घेऊ. लातूरच्या घरात आवराआवर करताना नातीला पत्रांचा गठ्ठा सापडतो. आजोबा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात गेले, असे घरात सगळे मानतात. गठ्ठ्यातल्या एका आंतरदेशीय पत्रावर त्यांच्या धाकट्या भावाने 28 सप्टेंबर अशी तारीख घातली आहे आणि मायना आहे, ‘गं. भा. वहिनींस सा. न.’, पुढचा मजकूर मात्र केवळ शेताच्या वाटणीचा आहे. नवरा जिवंत असलेल्या बाईला कोणी गंगाभागीरथी म्हणत नाही, त्यामुळे एक तर पत्रावरची तारीख खोटी आहे, नाही तर मृत्यूची. या मायन्याकडे कोणत्याही पात्राने बोट दाखवू नये. हे पत्र पहिल्या काही प्रकरणांतच जसेच्या तसे छापावे आणि निवाडा पोस्टाच्या शिक्क्यावर सोपवून तो शिक्का नातीने काढलेल्या फोटोत अर्धवट कापलेला ठेवावा. मात्र त्या भूकंपात हजारो माणसे गेली, त्या घरांतली माणसे आजही आपल्यात आहेत; म्हणून गाव काल्पनिक घ्यावे आणि ढिगाऱ्यांची वर्णने कथानकाला लागतील तेवढीच करावीत.

मराठवाड्याच्या जुन्या पत्रव्यवहारात रहस्यकाराच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची पत्रे गावातले मास्तर किंवा शिकलेला शेजारी लिहून देई. म्हणजे आजीच्या पत्रातले गुपित तिच्याखेरीज आणखी एका माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस कादंबरीत कुठे तरी वावरत असला पाहिजे. कथानक 1948 च्या आधीच्या निजामी राजवटीत जात असेल, तर सरकारी कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या कालगणनेतले, असू शकते. फसली आणि इसवी सनात सुमारे 590 वर्षांचे अंतर असल्याने वारसाहक्काचा सगळा घोळ एका चुकीच्या बेरजेवर उभा करता येतो.

व्हॉट्सॲपचे भाग लिहिताना ॲपचे नियम नीट पाळावेत, कारण वाचक ते रोज वापरतो आणि चूक तत्काळ पकडतो. सर्वांसाठी डिलीट केलेल्या संदेशाची खूण मागे राहते. निळ्या टिका बंद ठेवणाऱ्यालाही ग्रुपमध्ये लपता येत नाही. तिथे पाठवणाऱ्याला संदेशाच्या माहितीत कोणी कधी वाचले ते दिसते. म्हणून नातीने पत्राचा फोटो टाकल्यावर धाकट्या आजोबांचा मुलगा लिहितो, ‘बाबा शेतावर गेलेत, तिकडं रेंज नाही. तू कशाला जुनं उकरायलीस?’ आणि दोन पाने पुढे तिने कोणाला तरी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये धाकट्या आजोबांनी तो फोटो त्याआधीच पाहिल्याची वेळ दिसते. तिने तो स्क्रीनशॉट भलत्याच कारणासाठी पाठवलेला असावा.

भाषेवर सर्वांत जास्त मेहनत घ्यावी. जो माणूस पत्रात ‘पत्रास कारण की’ असे रीतसर लिहितो, तोच व्हॉइस मेसेजमध्ये ‘काय करूलालीस माय’ म्हणतो, आणि दोन्हींत तोच माणूस ओळखू आला पाहिजे. हिशेबाची वही आणखी निराळी: तिच्यात वाक्ये कमी, नावे आणि रकमा जास्त, त्यामुळे एखाद्या महिन्यात नेहमीचे नाव नसणे हाच तिथला पुरावा.

लिहून झाल्यावर सगळे कागद लिहिल्याच्या तारखेने एकदा लावावेत आणि ते पात्रांच्या हाती पडल्याच्या क्रमाने पुन्हा लावावेत. पहिल्या मांडणीत एकाही माणसाला वेळेआधी काही कळलेले नसावे, अर्थात गुन्हेगार सोडून. दुसऱ्या मांडणीत नातीच्या प्रत्येक अंदाजाला तोवर तिच्या हाती आलेला कागद आधार देत असावा. जिथे तो देत नाही, तिथे नवे पत्र घुसडण्यापेक्षा तिचा अंदाजच पुढे ढकलावा.