नवोदय, सैनिक की घरून जाता येईल अशी शाळा? पाचवीतल्या लेकीसाठी ठरवताना

नाशिकच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स, पॅनकार्ड, उत्पन्नाचे दाखले हे बारमाही चालतं, पण पावसाळा लागला की पाचवीतल्या पोरांचे आईबाप यायला लागतात, सहावीपासूनच्या नवोदय आणि सैनिक या सीबीएसई निवासी शाळांच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म भरायला. "ताई, नवोदयचा भरा. सैनिकचा निघाला की तोही भरून टाका. भरायला काय जातंय?" मुलाचा फॉर्म असला तर बाप एकटाच येतो. मुलीचा असला की आई, आजी, कधी मामासुद्धा. मुलगी मात्र खुर्चीच्या कडेला गप्प बसलेली असते, तिला कोणी काही विचारत नाही.

मी स्वतः जानोरीची, दिंडोरी तालुक्यातली. माझी मोठी लेक नवोदयला आहे आणि धाकट्या जावेची मुलगी साताऱ्याला सैनिक स्कूलमध्ये. एकाच घरातल्या दोघी, शाळा वेगवेगळ्या, आणि दोघींचं बरं चाललंय. त्यामुळे अमुक शाळा चांगली आणि तमुक वाईट असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की नंबर लागला तर पाठवणार की नाही हे फॉर्म भरायच्या आधी घरात बसून ठरवा. निकाल लागल्यावर ठरवायला बसलात तर पेढे आधी वाटले जातात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, आणि मग नाही म्हणायची चोरी होते.

आधी पात्रता बघा, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. नवोदय आपल्या जिल्ह्यासाठी खेडगावला आहे, दिंडोरी तालुक्यात. मुलगी याच जिल्ह्यात राहणारी आणि याच जिल्ह्यात पाचवीला असली पाहिजे. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना. आता ग्रामीण म्हणजे कोण? तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण शाळेत काढलेली मुलं. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. विल्होळीची शाळा ग्रामपंचायतीत येते, पाथर्डी फाट्याची महापालिकेत. मधे चार-पाच किलोमीटरचं अंतर, पण फॉर्मवरचा रकाना बदलतो. चौथीत "इंग्रजी सुधारेल" म्हणून मुलीला शहरात आणलेले पालक माझ्यासमोर बसतात तेव्हा हे सांगताना मलाच कसंतरी होतं. शहरी मुलीने भरूच नये असं नाही. ती उरलेल्या जागांसाठी सगळ्यांशी स्पर्धा करते, एवढं माहीत असू द्या.

दुसरी अडचण निवासी क्लासची. पाचवीचं अख्खं वर्ष मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या क्लासमध्ये ठेवायचं आणि नाव तिथल्याच शाळेत घालायचं, असा प्रकार चालतो. तसं केलंत तर नाशिकच्या नवोदयसाठी ती पात्रच राहत नाही. क्लासवाला हे सांगेलच असं नाही.

सैनिक स्कूलचं वेगळं. तिथे सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ च्या मध्ये लागतं, त्यामुळे लवकर शाळेत घातलेली मुलगी पाचवीत असूनही बसू शकत नाही. ओबीसी असाल तर दोन्हीकडे केंद्राच्या यादीप्रमाणे आरक्षण आहे आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला घेऊन येणारे रोज भेटतात. तो सेतूतून वेळेत काढून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ नको.

कुटुंब आदिवासी असेल, पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक भागातलं, तर एकलव्य निवासी शाळा आधी बघा. तीही सीबीएसई, तीही सहावीपासून, प्रवेश परीक्षेने. गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात चौकशी करता येते. आणि केंद्रीय विद्यालय म्हणजे नवोदय नव्हे. देवळाली, नेहरूनगर, ओझर इथल्या केंद्रीय विद्यालयांत सहावीला प्रवेश परीक्षा नसते. जागा रिकामी असली तर आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आधी.

आता परीक्षा. दोन्ही पेपर मराठीत देता येतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्या, आरशातली प्रतिमा, वेगळं पद ओळखा. उरलेल्यात गणित आणि भाषा सारखी. सैनिकला १२५ प्रश्न, ३०० गुण, अडीच तास, आणि त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे. वर सामान्य ज्ञान. लेखी झालं की मेडिकल. माझ्या लेकीला आकृत्या चटकन दिसायच्या पण भागाकारात ती रेंगाळायची; जावेची मुलगी उलट. दोघींकडून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेतल्या तेव्हा हे आठवड्याभरात कळलं, त्याला क्लासची गरज लागली नाही. कुठल्या परीक्षेला जास्त जोर लावायचा हे तरी यातून ठरतं.

पण मुलीच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवते ते म्हणजे वर्गात मुली किती असणार. माहितीपत्रकात हे एका ओळीत असतं आणि कोणी वाचत नाही. सैनिक स्कूलमध्ये मुलींना प्रवेश २०२१-२२ पासून सगळीकडे खुला झाला. त्यांच्यासाठी १० टक्के किंवा १० जागा, यातलं जे जास्त असेल ते. नवोदयमध्ये किमान एक तृतीयांश, म्हणजे ८० मध्ये पंचवीस-तीस मुली. एकलव्यमध्ये निम्म्या. साताऱ्याला आपली पोरगी त्या दहा-बारा मुलींमधली एक असणार. त्याच खोलीत, त्याच टेबलावर, सात वर्षं. दोघींशी बिनसलं तर उरल्या किती? जावेच्या मुलीला हे मानवलं. ती घरीही चुलतभावांबरोबर क्रिकेट खेळणारी, भांडली तर तासाभरात विसरणारी. माझी लेक जिवाभावाची एक मैत्रीण लागणारी. तिला पंचवीस जणींत ती मिळण्याची शक्यता जास्त, असा आम्ही साधा हिशोब केला. तिचे बाबा वर्दीवर अडून बसले होते. "एनडीए घेते आता मुलींना," हे त्यांचं पालुपद. खरंच आहे, २०२२ पासून मुली एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, जातात. पण वर्दीसाठी दहाव्या वर्षीच घर सोडावं लागतं असं नाही. मुलींसाठीची सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून नाशिकमध्येच आहे, दहावीनंतर प्रवेश, तयारी थेट एनडीएची. शिवाय भोसला मिलिटरी स्कूलची मुलींची शाळाही इथेच आहे. हे दाखवल्यावर ते गप्प झाले. पटलं की नाही, देव जाणे.

शाळा बघायला जा, आणि एकटे पुरुष जाऊ नका. बाई सोबत पाहिजे, कारण मुलींच्या वसतिगृहात आत बाईलाच सोडतील. प्राचार्यांच्या केबिनमधली ट्रॉफी बघून परत येऊ नका. बाथरूममध्ये जा, दार लोटा आणि कडी आतून लावून बघा. मी एका निवासी शाळेत (नाव नको) चार दारं तपासली. दोन कड्या लागत होत्या, तिसरीला खिळा वाकवून अडकवलेला, चौथीला नुसतं भोक. सोबत आलेल्या बाईंनी "मुली एकमेकींसाठी उभ्या राहतात" असं हसून सांगितलं. मी तिथेच ती शाळा यादीतून काढली. पाणी सकाळी किती वाजता येतं, गरम असतं का, वापरलेले पॅड टाकायला काय सोय आहे, कपडे कुठे वाळतात, हे विचारायला लाजू नका. कपडे वाळायची दोरी उन्हात असली पाहिजे, खोलीत नव्हे. पावसाळ्यात खोलीत वाळलेल्या कपड्यांनी पोरींना खाज येते, हे हॉस्टेलात राहिलेली कोणीही सांगेल. रात्री दोनला पोट दुखलं तर मुलगी कोणाला उठवणार, त्या बाई कुठे झोपतात, नर्स आवारात राहते का, जवळचा दवाखाना किती लांब? उत्तर माणसाच्या नावानिशी आलं पाहिजे. "सगळी व्यवस्था आहे" हे उत्तर धरू नका. आणि जमलं तर आठवी-नववीच्या मुलींशी शिक्षिका जवळ नसताना बोला. "जेवणात काय आवडत नाही?" एवढं विचारा, बाकीचं त्या आपणहून सांगतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. मुलीला ताप आला असा फोन आला की तुम्ही किती तासांत पोहोचता ते मोजा. जानोरीहून खेडगाव मोटरसायकलवर होतं. सातारा म्हणजे पुण्यापर्यंत दोनशे दहा किलोमीटर आणि पुढे एकशे दहा. एसटीने गेलात तर पुण्यात गाडी बदलायची, बॅगा आणि लाडवांचे डबे सांभाळत स्वारगेट गाठायचं. दीरांकडे चारचाकी आहे, ते पहाटे निघून दुपारपर्यंत भेटून परत फिरतात. आमच्याकडे नाही.

पैशाचं थोडक्यात. नवोदयला राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना ६०० रुपये घेतात, त्यातूनही मुलींना सूट आहे. सैनिकचा खर्च वर्षाला लाखाच्या वर जातो. उत्पन्नाप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते, पण ती हातात पडेपर्यंत भरायची तयारी ठेवा.

नवोदयबद्दल दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. सुरुवातीला मातृभाषेतून शिकवतात, आठवीच्या सुमारास गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत जातात. आणि नववीत साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला पाठवतात, तिकडची इकडे येतात. त्यात मुलीही असतात. आजीला हे सहावीतच सांगून ठेवा. नववीत एकदम सांगितलंत तर घरात रामायण होतं.

कुठेच पाठवायचं नाही असं ठरलं तरी हरकत नाही, त्यात कमीपणा काही नाही. फक्त शहरातल्या शाळा बघताना एक लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १३ प्रमाणे पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी शाळेला मुलांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. नवोदय, सैनिक, केंद्रीय या विशेष प्रवर्गातल्या म्हणून त्यांचं वेगळं. एका नावाजलेल्या खासगी शाळेने माझ्या लेकीला "इंटरॅक्शन"ला बोलावलं आणि पाऊण तास लेखी पेपर दिला. मी कलमाचा आकडा सांगितला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "ही टेस्ट नाही, ओळख आहे." पहिल्यांदा चाळणी घेतली तर २५ हजारांपर्यंत आणि पुढे दरवेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. घरून जाणाऱ्या मुलीला आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षाही देता येते, शाळा सरकारी किंवा अनुदानित आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं तर. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. नवोदयच्या मुलांना ती परीक्षा नाही. हे गणितात धरत नाही कोणी.

आणि मुलीला विचारा. पण "जाशील ना गं बाळा?" असं नको, त्याला ती होच म्हणणार. दिवाळीच्या सुट्टीत तिला आठ दिवस आत्याकडे किंवा मामाकडे ठेवा, आईशिवाय, मोबाइलशिवाय. स्वतःचे कपडे धुवायचे, वेणी स्वतः घालायची, वाढलेलं खायचं, फोन दोनदाच. परत आल्यावर तीच बोलते. आमचीने पहिल्या रात्री रडून मामीला जागवलं आणि सहाव्या दिवशी "अजून दोन दिवस राहू का?" म्हणून फोन केला. रडली म्हणून नाही म्हणायचं नाही. किती दिवसांनी सावरते ते बघायचं.

निकाल लागला की एक काम शांतपणे करा. जुन्या शाळेतून दाखला लगेच काढू नका. नवोदयला पहिल्या यादीनंतर प्रतीक्षा यादीतूनही नावं निघतात, कागदपत्रांच्या तपासणीत काही नावं गळतात, आणि सैनिकचं मेडिकल व्हायचं असतं. प्रवेश पक्का झाल्याचं लेखी हातात आल्यावर दाखला काढा, त्यावरची जन्मतारीख आणि नावातली वेलांटी आधारकार्डाशी जुळते का ते तिथल्या तिथे, मुख्याध्यापकांच्या टेबलावरच बघून घ्या. चूक असली तर मे महिन्यात शाळेत कोणी भेटत नाही.