मत्स्यखाद्यात वनस्पती तेल: प्रबंधाचा विषय घेताना

एम.एफ.एस्सी.ला (मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला) मत्स्यपोषण घेतलं की ‘अमुक तेल घालून रोहूची वाढ’ हा विषय हमखास समोर येतो. सोपा वाटतो, म्हणून बरेच जण घेतात. मीही घेतला.

आधी मासा ठरवा, तेल नंतर. रोहू, तिलापिया असे गोड्या पाण्यातले मासे वनस्पती तेलातल्या लिनोलेनिक या ओमेगा-३ आम्लापासून ईपीए, डीएचए (माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं) थोडंफार स्वतः बनवतात. जिताड्याला (खाडीतल्या मांसाहारी माशाला) ते फारसं जमत नाही. त्याच्या खाद्यातून माशाचं तेल सगळंच काढून चालत नाही. तिलापियाची मुख्य गरज ओमेगा-६ ची, ती सोयाबीन तेलातून भागते. रोहूसारख्या कार्पना ओमेगा-३ आणि ओमेगा-६ दोन्ही लागतात, म्हणून सोयाबीनच्या जोडीला जवस. जवसाच्या तेलात साधारण निम्मं लिनोलेनिकच असतं. शेंगदाणा, सूर्यफुलात ते जवळपास नाहीच.

खरी मेख पुढेच आहे. नियंत्रण गटाला (तुलनेसाठीच्या, वरून तेल न घातलेल्या गटाला) ‘तेल शून्य टक्के’ असं लिहून मोकळं होता येत नाही. घाणीच्या शेंगदाणा पेंडीत तेल उरलेलं असतं, आणि तेल न काढलेल्या भाताच्या कोंड्यात तर पेंडीहूनही जास्त. कोंडा आणि पेंड निम्मी-निम्मी हे आपल्याकडचं जुनं खाद्य; त्यात तुमच्या बाटलीआधीच तेल आहे. म्हणून प्रत्येक घटक सॉक्सलेटवर (तेल काढून मोजायच्या उपकरणावर) लावा, मगच सूत्र मांडा. तेलाचं प्रमाण बदलणार असाल तर ऊर्जाही बदलते: ग्रॅमला ९ किलोकॅलरी, पिष्टाच्या दुपटीहून अधिक. स्टार्च कमी करून ती जुळवली नाही, तर मासा तेलाने वाढला की नुसत्या ऊर्जेने, हे परीक्षक विचारणारच.

खाद्याची कणीक वाफवून गार झाल्यावरच तेल आणि जीवनसत्त्वं मिसळा, मग शेवेसारखी पाडून सुकवा. जवसाचं तेल सगळ्यात लवकर खवट होतं. सुकलेलं खाद्य (पेलेट) फ्रिजमध्ये ठेवा, ‘ई’ जीवनसत्त्व घालायला विसरू नका.

टाक्या प्रत्येक खाद्याला किमान तीन. वजन, एफसीआर (एक किलो वाढीला किती खाद्य लागलं), एसजीआर (रोजच्या वाढीचा टक्केवारी दर) सगळेच काढतात. पण बोटुकल्यांचं (बोटाएवढ्या पिल्लांचं) वजन वाढलेलं दिसलं तरी पोटं चिरून पाहा. जास्त तेलाच्या गटात आतड्याभोवती पांढरी चरबी साठते, यकृत फिकट दिसतं. ती चरबीही तराजूवर वाढच दाखवते. शरीरातली प्रथिनं तपासल्याशिवाय ‘वाढ’ हा शब्द निष्कर्षात घालू नका. आणि दोन तेलांत वजनाचा फरक निघालाच नाही, तर टाक्या पुन्हा भरायला धावू नका. मांसातली मेदाम्लं तपासायला पाठवा, फरक बहुतेकदा तिथे सापडतो.